घरांतलें अंगण

संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत नुकतीच कामावरून परतलेली आई ओट्यापाशीं उभी असते. एका शेगडीवर कुकर चढलेला, दुसरीवर कढई तापलेली. आणि पायांशीं तीन वर्षांचें मूल घुटमळत असतें. दिवसभर आई दिसली नाहीं म्हणून त्याला ती हवी असते, आणि तिला मात्र त्या घटकेला आपले दोन्ही हात मोकळे हवे असतात. मूल प्रथम हांका मारतें, मग कपडे धरून ओढतें, मग रडूं लागतें. शेवटीं हजारों घरांतून रोज जें घडतें तेंच येथेंही घडतें. मुलाच्या हातीं मोबाईल दिला जातो. क्षणार्धांत रडें थांबतें, भाजी फोडणीस पडते, घरांत शांतता होते. रात्रीं मूल झोंपी गेल्यावर मात्र आईच्या मनाला एक बारीकशी टोंचणी लागते, आणि दुसऱ्या दिवशीं साडेसहा वाजतां पुन्हां तोच प्रसंग उभा राहतो.

या प्रसंगांत आईला बोल लावणें फार सोपें आहे, आणि तितकेंच तें अन्यायाचें आहे. ज्यांना ती कढई उतरवावयाची नसते व तें मूलही सांभाळावयाचें नसतें, त्यांनाच असा उपदेश सुचतो. खरा प्रश्न निराळा आहे. मोबाईल त्या अर्ध्या तासांत जें काम करतो, तें काम त्याच्या अगोदर कोण करीत असे? मुलें कांहीं आजच रडूं लागलेलीं नाहींत, आणि स्वयंपाकही आजच सुरू झालेला नाहीं. दोन पिढ्यांपूर्वींही संध्याकाळीं चूल पेटत होती व घरांत तीन वर्षांचें मूल होतें. तें मूल त्या वेळीं कोठें असे, याचा शोध घेतला तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतें. तें अंगणांत असे.

अंगण म्हणजे केवळ घरापुढची मोकळी जमीन नव्हे. कोंकणांतलें शेणानें सारवलेलें खळें असो, देशावरच्या वाड्याचा फरसबंदी चौक असो, अथवा गिरगांवांतल्या चाळीची लांबच लांब गॅलरी असो, मुलाच्या दृष्टीनें तीं सारीं अंगणेंच होतीं. आणि तीं त्याला पांच गोष्टी न मागतां देत असत. पहिली गोष्ट म्हणजे, सांडलें-लवंडलें तरी कोणी रागावणार नाहीं अशी जागा. दुसरी, माती, पाणी, काटक्या, करवंट्या यांसारखे, ज्यांचा कोणताच उपयोग ठरलेला नाहीं असे जिन्नस. तिसरी, मोठ्या माणसांचीं कामें डोळ्यांसमोर चाललेलीं पाहण्याची व त्यांत लुडबूड करण्याची सोय. चौथी, धांवण्या-चढण्याला वाव. आणि पांचवी, जी सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत कमी लक्षांत येते ती, म्हणजे ओसरीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या आजीची दुरून असलेली नजर. ती आजी मुलाला खेळवीत नसे. तें पडलें तर उचलीत असे, एवढेंच.

या अंगणाचे गोडवे गातांना त्याची दुसरी बाजूही विसरूं नये. त्याच अंगणांत सात-आठ वर्षांची बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असे, आणि तिचा स्वतःचा खेळ त्या ओझ्याखालीं संपून जाई. गांवांतल्या पुष्कळ मुलांना जातिभेदामुळें दुसऱ्याच्या अंगणांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. तेव्हां जुनें अंगण जसेंच्या तसें परत यावें, असें कोणी म्हणूं नये; आणि म्हटलें तरी तिसऱ्या मजल्यावर तें येणार नाहीं. परंतु त्यानें दिलेल्या त्या पांच गोष्टी दोन खोल्यांतही देतां येतात. पूर्वीं जें आपोआप होत असे तें आतां योजून करावें लागतें.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मूल गप्प बसून चित्रें पाहत आहे, त्यांत बिघडलें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांच्या दिनक्रमासंबंधीं सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत म्हटलें आहे कीं, पहिलीं दोन वर्षें मुलाला पडद्यापुढें बसवूंच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसांतून एक तासापेक्षां अधिक वेळ बसवूं नये. त्याहून कमी असेल तर अधिक चांगलें. हा भाग बहुतेकांच्या कानांवर गेलेला असतो. त्याच सूचनांतला दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. एक ते चार वर्षांच्या मुलानें दिवसभरांत मिळून निदान १८० मिनिटें अंगाची हालचाल करावी, तीन वर्षांनंतर त्यांतलीं निदान ६० मिनिटें चांगल्या धांवपळीचीं असावींत, आणि बाबागाडींत किंवा खुर्चींत त्याला एका वेळीं तासाहून अधिक जखडून ठेवूं नये, असें तेथें सांगितलें आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोंप लागते. झोंप, जेवणखाण व आंघोळ वजा जातां जे तास उरतात त्यांतूनच हे तीन तास काढावयाचे असतात. पडद्यानें घेतलेला प्रत्येक तास याच शिलकेंतून जातो, हें त्याचें खरें नुकसान.

पडदा मुलासाठीं लावलेला नसला तरीही तो आपलें काम करीत असतो. अमेरिकेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १२, २४ व ३६ महिने वयाच्या ५० मुलांना एकेक तास खेळूं देण्यांत आलें. त्यांपैकीं अर्धा तास खोलींत दूरचित्रवाणीवर मोठ्या माणसांचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालू होता, व अर्धा तास संच बंद होता. मुलें त्या संचाकडे मिनिटांतून एकदांही धड पाहत नव्हतीं, आणि पाहिलें तरी कांहीं सेकंदच. असें असूनही संच चालू असतां एकेका खेळांत रमण्याचा त्यांचा काळ कमी झाला व खेळांतली एकाग्रता उणावली. म्हणून घरांत खेळाची मांडणी करावयाची तर पहिलें काम पैशाचें नाहीं. खोलींतला संच बंद करावा, आणि वडील माणसांनींही आपला मोबाईल तेवढ्या वेळापुरता फडताळांत ठेवावा. वडिलांच्या हातांतला चकाकणारा पडदा आणि मुलाच्या हातांत लाकडी ठोकळा, हा सौदा कोणतेंही मूल मान्य करणार नाहीं.

महागडीं खेळणीं आणल्याखेरीज मुलाची बुद्धि वाढत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रांत फार पूर्वींच खोटी ठरलेली आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें. हें गांव त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां तें पालघर जिल्ह्यांत आहे. अनुताई वाघ या कार्यांत त्यांच्या सहकारी होत्या. परदेशी पद्धतीचीं घडीव साधनें तेथें परवडण्यासारखीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, पानें, बिया, खडे आणि माती हींच साधनें झालीं. गोरगरिबांचीं मुलें बालवाडीकडे येत नाहींत असें दिसून आलें, तेव्हां बालवाडीच त्यांच्या वस्तींत नेण्यांत आली व तेथल्या अंगणांत भरूं लागली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून आला. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हां तो शब्द देशभर पोंचला. मूल येत नसेल तर अंगण मुलाकडे न्यावें, हा ताराबाईंचा मार्ग होता. आज शहरांतल्या बंद दारांच्या घरांनाही तोच मार्ग उपयोगी आहे.

आतां पहिली गोष्ट जागेची. मुलासाठीं स्वतंत्र खोली लागत नाहीं; एक सतरंजी पुरते. ती शेगडीच्या आंचेपासून व उडणाऱ्या तेलापासून दूर, परंतु आईच्या नजरेच्या टप्प्यांत अंथरावी. सतरंजीवर मांडावें, सांडावें, उलथावें. सतरंजीबाहेर नाहीं, एवढा एकच नियम असावा. तीन वर्षांच्या मुलाला दहा नियम सांगितले तर तें एकही पाळीत नाहीं, आणि एकच सांगितला तर चार दिवसांत तें तो बाहुलीलाही शिकवूं लागतें. सतरंजी अंथरणें ही खेळाची सुरुवात व ती गुंडाळणें हा खेळाचा शेवट, असा परिपाठ ठेवला म्हणजे पसारा आवरण्याचा वादही पुष्कळ कमी होतो.

या सतरंजीवर वस्तु थोड्या असाव्यात. बहुतेक घरांत आज खेळण्यांचा तुटवडा नसून सुकाळ आहे. वाढदिवसाच्या भेटींनीं कपाटें भरलेलीं असतात, आणि मूल मात्र ‘काय खेळूं?’ म्हणून रडत असतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत ३६ लहान मुलांना एकदां ४ व एकदां १६ खेळण्यांसह खेळूं देऊन पाहिलें. चारच खेळणीं असतां मुलें एकेका खेळण्याशीं अधिक वेळ रमलीं, आणि अधिक निरनिराळ्या रीतींनीं खेळलीं. यावरून घरासाठीं एक साधी युक्ति निघते. घरांतल्या वस्तूंचे चार वांटे करून ते चार टोपल्यांत किंवा पिशव्यांत भरावेत. एक टोपली खालीं असावी, तीन माळ्यावर. रविवारीं टोपली बदलावी. तीन आठवड्यांनीं खालीं आलेली जुनी टोपली मुलाला नव्या बाजारासारखी वाटते.

दुसरी गोष्ट जिन्नसांची. येथें एकच कसोटी लावावी. बटन दाबतांच स्वतः नाचणारी-गाणारी वस्तु मुलाला प्रेक्षक करते. ज्या वस्तूंत स्वतःचें कांहीं घातल्याशिवाय ती हलत नाहीं, ती त्याला कर्ता करते. या कसोटीला उतरणारी पहिली वस्तु म्हणजे पाणी. मोरीच्या उंबऱ्याशीं परात ठेवावी, तींत तांब्याभर पाणी घालावें, आणि दोन लहान-मोठ्या वाट्या, एक चहाची गाळणी, एक पळी व स्पंजाचा तुकडा एवढें द्यावें. बाकीचें मूल पाहून घेतें. गाळणींत पाणी राहत नाहीं, स्पंजांत राहतें, वाटी बुडते, झांकण तरंगतें, हे शोध तें एकामागून एक लावतें व पुन्हां पुन्हां पडताळून पाहतें. पसरट वाटींतलें पाणी उंच पेल्यांत ओतलें म्हणजे चार वर्षांचें मूल, पाणी वाढलें, असें ठामपणें सांगतें. स्विस शास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनीं मुलांच्या या समजुतीचा बारकाईनें अभ्यास केला होता. ती चूक सांगून दुरुस्त होत नाहीं. साधारणतः सहा-सात वर्षांच्या सुमारास, पुष्कळ ओतून झाल्यावर, ती आपोआप मावळते. म्हणून शहाण्या आई-बापांनीं तेथें गुरुजी होऊं नये; आणखी एक पेला द्यावा.

दुसरा जिन्नस कणीक. पोळ्या करतांना त्यांतली एक लाटी मुलाला देण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे, आणि तिच्याइतकें उत्तम खेळणें दुकानांत मिळत नाहीं. चिमटीनें चोंच काढली कीं चिमणी, लांबट वळली कीं साप, दाबली कीं पापड. हळद, बिटाचा रस किंवा वाटलेला पालक यांनीं तीच कणीक पिवळी, गुलाबी वा हिरवी होते. ती चार दिवस टिकावी म्हणून कोणी तींत पुष्कळ मीठ घालतात. परंतु ज्या मुलाला प्रत्येक वस्तु तोंडांत घालण्याची संवय आहे त्याला तशी खारी कणीक देऊं नये, कारण फार मीठ पोटांत जाणें लहान मुलाला घातक असतें. माती मिळाली तर फारच चांगलें. दिवाळींत इमारतीखालीं मातीचा किल्ला होतो त्या वेळीं तीन वर्षांच्या मुलाला नुसतें प्रेक्षक न ठेवतां दगडांमधल्या फटी भरण्याचें काम द्यावें. त्या वयाला तेंच काम सर्वांत आवडतें.

मग कापड आणि खोकीं. एखादें जुनें धुवट पातळ दोन खुर्च्यांवर टाकलें कीं घर तयार होतें. त्या घरांत मूल एकटें शिरतें, भिंतीपलीकडून आईला हांका मारतें, आणि आई दिसत नसली तरी ती आहे, हा धीर तेथेंच शिकतें. पुठ्ठ्याचा मोठा खोका आज मोटार, उद्यां दुकान, परवां होडी होतो. त्याला चाकें लावून कायमची मोटार करण्याची घाई वडिलांनीं करूं नये. भातुकलीची गोष्ट तर सांगावयासच नको. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी भातुकलीचा संच हातीं आला तर आनंदच आहे. नाहीं तर डब्याचीं झांकणें, मोडक्या दांड्याची पळी आणि दोन करवंट्या यांवरही तितकाच थाटाचा स्वयंपाक होतो. टाकाऊ वस्तूंतून खेळणीं करण्याच्या कामाला अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या आयुका संस्थेंतल्या बालविज्ञान केंद्रांतून जें रूप दिलें, त्याबद्दल २०१८ सालीं त्यांना पद्मश्री हा बहुमान मिळाला. त्यांचीं पुष्कळशीं खेळणीं शाळकरी वयाचीं आहेत. परंतु घरांतला कचरा टाकण्यापूर्वीं क्षणभर निरखावा, ही त्यामागची दृष्टि पाळण्यांतल्या मुलाच्या घरींही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट मोठ्यांच्या कामाची. मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०७ सालीं रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. खेळण्यांपेक्षां खऱ्या कामाच्या वस्तूंकडे मुलांचा ओढा अधिक असल्याचें तेथें त्यांच्या दृष्टीस पडलें, व तें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. त्याचा प्रत्यय कोणत्याही स्वयंपाकघरांत येतो. मटाराच्या शेंगा सोलणें, कोथिंबिरीचीं पानें खुडणें, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणें, मोठे व लहान चमचे निराळे करणें, हीं सारीं कामें तीन-चार वर्षांच्या मुलाला खेळच वाटतात, फक्त तीं खरीं असलीं पाहिजेत. त्यानें सोललेले मटार वाटीभर भरले तर ते त्याच संध्याकाळच्या उसळींत पडले पाहिजेत. जेवतांना ‘आजचे मटार कोणी सोलले?’ एवढा प्रश्न वडिलांनीं विचारला तर दुसऱ्या दिवशीं मूल आपणहून ओट्यापाशीं येतें. अर्थात् यांत वेळ वांचत नाहीं. मुलाच्या मदतीनें दहा मिनिटांचें काम पंचवीस मिनिटांचें होतें. परंतु तीं पंचवीस मिनिटें रडण्यावांचून जातात, हा हिशेब ध्यानांत ठेवावा. आणि हें शिक्षण मुलींपुरतें ठेवूं नये. मुलगा आज कोथिंबीर निवडील तर उद्यां त्याच्या घरांतली आई ओट्यापाशीं एकटी उभी राहणार नाहीं.

चौथी गोष्ट धांवण्याची. दोन खोल्यांत धांवावयाचें कोठें, हा प्रश्न खरा आहे. तरीही गादी जमिनीवर ओढून तिच्यावर उशांचा डोंगर रचतां येतो. जमिनीवर सुतळीची वांकडीतिकडी वाट टाकून तिच्यावरून पाऊल न चुकतां चालावयास सांगतां येतें. मोज्यांचा चेंडू करून तो चार हातांवरच्या बादलींत टाकतां येतो. बेडकासारखें, खेंकड्यासारखें, हत्तीसारखें चालत आंघोळीला जावयाचें, असें ठरविलें तर आंघोळीची रोजची कटकटही मिटते. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा विचार करून हा दंगा दिवेलागणीपूर्वीं उरकावा. मात्र घरांतल्या युक्त्यांनीं मोकळ्या हवेची भरपाई पुरती होत नाहीं. दिवसांतून एकदां, मग तो अर्धाच तास कां असेना, कोणीतरी मुलाला घेऊन खालीं उतरलेंच पाहिजे. तें कोणी आईच असावें असा नियम नाहीं.

पांचवी गोष्ट त्या आजीच्या नजरेची, आणि तिचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ सावधगिरीचा. सुमारें सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळींतून जी वस्तु आरपार जाईल ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशांत अडकूं शकते. म्हणून चिंचोके, सागरगोटे, मणी, चणे व शेंगदाणे त्या वयाच्या टोपलींत नसावेत. घड्याळांतली किंवा खेळण्यांतली बटनाएवढी चपटी बॅटरी तर सर्वांत भयंकर. ती गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका आंतून जळूं लागते. अशा वेळीं वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. बादलींत वीतभर पाणी असलें तरी लहान मूल त्यांत बुडूं शकतें, म्हणून पाण्याचा खेळ चालू असतां मुलाला एकटें सोडून क्षणभरही जाऊं नये, आणि खेळ संपतांच परात व बादली दोन्ही रिकामीं करावींत. प्लॅस्टिकच्या पिशव्या खेळांत नसाव्यात, व खिडकी-गॅलरीखालीं चढावयास सांपडेल असें स्टूल ठेवूं नये. एवढी खबरदारी घेतली म्हणजे दर मिनिटाला ‘हें नको, तें नको’ म्हणण्याची पाळी येत नाहीं.

दुसरा अर्थ संयमाचा, आणि तो अधिक अवघड आहे. आजची सुशिक्षित आई किंवा बाप मुलाशेजारीं बसले कीं त्यांना शिकविण्याचा मोह होतो. मुलानें तांबडा ठोकळा उचलला कीं ‘हा रंग कोणता?’ आणि चार वाट्या मांडल्या कीं ‘मोजून दाखव पाहूं!’ मूल त्या वेळीं मनांत पाहुण्यांना चहा देत असतें. प्रश्न ऐकून पाहुणे पळून जातात व चहाही थंड होतो. बोलावलें तर जावें, वाटी पुढें केली तर चहा प्यावा, आणि पुन्हां आपल्या कामाला लागावें. कंटाळा आला म्हणून मूल पांच मिनिटें कुरकुरलें तर तीं पांच मिनिटें त्याचीं त्यालाच काढूं द्यावींत. नवा खेळ पुष्कळदां त्या कुरकुरीच्या शेवटींच सुचतो.

हें सारें ऐकून एखादी आई त्याच संध्याकाळीं मोबाईल काढून घेईल आणि परात पुढें ठेवील, तर तिच्या पदरीं निराशा येईल. ज्या मुलाला महिनोन्महिने पडद्याची संवय झाली आहे तें पहिले कांहीं दिवस परातीकडे ढुंकूनही पाहणार नाहीं, आणि मोठ्यानें रडेल. म्हणून आरंभ साडेसहाला करूं नये. रविवारीं सकाळीं, घाई नसतांना, घरांतल्या कोणीतरी दहा मिनिटें मुलाशेजारीं बसून पाणी ओतावें. आठवडाभर मिळेल तेव्हां तेंच करावें. खेळ ओळखीचा झाला म्हणजे मग तो साडेसहाला आणावा. त्या वेळींही घरांत येतांच प्रथम दहा मिनिटें मुलाला मांडीवर घ्यावें, आणि मग ओट्याकडे वळावें. दिवसभर आईची वाट पाहिलेल्या मुलाला आधीं आई हवी असते. ती थोडी तरी मिळाल्यावांचून कोणताच खेळ त्याला गोड लागत नाहीं. बाप आधीं घरीं येत असेल तर तीं दहा मिनिटें त्यानें द्यावींत, अथवा कढई त्यानें सांभाळावी.

एखाद्या दिवशीं हें सारें फसेल. आईला ताप असेल, बाप फिरतीवर असेल, आणि मोबाईल पुन्हां हातीं दिला जाईल. त्याबद्दल शोक करीत बसूं नये. एका संध्याकाळीं मूल बिघडत नाहीं. दूरगांवच्या आजीशीं पडद्यावर समोरासमोर बोलणें ही तर निराळीच गोष्ट आहे, कारण तेथें पलीकडून मुलाच्या बोलण्याला उत्तर येतें. जपावयाचें आहे तें इतकेंच कीं, रोजच्या संध्याकाळीं मुलासाठीं कांहीं मांडून ठेवलेलें असावें. मोबाईल बहुतेक घरांत शिरला तो याचसाठीं कीं, त्या घटकेला दुसरें कांहींच तयार नव्हतें.

पुन्हां एकदां संध्याकाळचे साडेसहा वाजतात. कुकर चढलेला आहे, कढई तापलेली आहे. मोरीच्या उंबऱ्याशीं परात आहे, आणि तिच्यापुढें मूल उकिडवें बसलेलें आहे. त्याच्या बाह्या कोंपरापर्यंत भिजल्या आहेत. तें एका वाटींतून दुसरींत पाणी ओततें, गाळणी धरतें, आपल्याशींच कांहीं पुटपुटतें. मधूनच मान वर करून आई जागेवर आहे ना, हें पाहतें, व आई पाहत आहे असें दिसतांच पुन्हां ओतूं लागतें. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. मूल उठून सांभाळून चालत येतें, अर्धी सांडलेली वाटी पुढें करतें आणि चहा झाल्याचें सांगतें. आई गॅस बारीक करते, खालीं वांकते, आणि तो चहा पिते. फरशी ओली झालेली असते. ती पुसावयास दोन मिनिटें लागतात.